दिसणारा वाघ, नांदणारा वाघ

अरण्याची सफर करून घरी परतलेल्या माणसाला उंबरठ्यावरच जो प्रश्न विचारला जातो, तो आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. प्रवास कसा झाला, झाडे कोणती पाहिली, नदीला पाणी होते की नाही, यांतले काहीएक कोणी विचारीत नाही. प्रश्न एकच असतो : "वाघ दिसला का?" दिसला म्हणावे, तर आपण एकदम शूरांच्या पंक्तीत जाऊन बसतो. नाही म्हणावे, तर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर अशी काही निराशा पसरते, की जणू आपण पंढरपुरास जाऊन विठोबाचे दर्शन न घेताच परत आलो.

प्रश्न स्वाभाविक आहे. त्यात दोष काढण्याचा माझा हेतू नाही. पण आज मला आपल्यापुढे मध्य भारतातील एका अरण्याची हकीकत मांडावयाची आहे, आणि ती ऐकल्यावर हा प्रश्न किती अपुरा आहे हे आपणांस पटेल असे वाटते. वाघ 'दिसणे' ही एक गोष्ट आहे, आणि वाघ 'नांदणे' ही दुसरी. सासरी आलेली मुलगी दारात दिसली म्हणून ती तेथे नांदते आहे असे आपण म्हणत नाही. नांदण्याला घर लागते, घरावरचा हक्क लागतो, मुलेबाळे लागतात आणि शेजार लागतो. वाघाचेही तंतोतंत तसेच आहे. हा भेद न ओळखल्यामुळे एक भरलेले अरण्य आपल्या डोळ्यांदेखत रिकामे झाले, आणि तो ओळखल्यामुळे तेच अरण्य पुन्हा भरले. त्या अरण्याचे नाव पन्ना.

पन्ना हे नाव मराठी माणसाला नवे नाही. बुंदेलखंडाचा राजा छत्रसाल याची ही राजधानी. १७२९ साली महंमदखान बंगशाच्या वेढ्यातून थोरल्या बाजीरावाने छत्रसालाची मुक्तता केली, आणि त्या उपकाराची फेड म्हणून वृद्ध राजाने बाजीरावाला पुत्र मानून आपल्या राज्याचा तिसरा हिस्सा त्याच्या पदरात घातला, ही कथा शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. त्या हिश्श्यामुळेच सागर, काल्पी, झाशी या मुलखांत मराठी कारभार गेला, आणि त्या पाठोपाठ मराठी घराणीही गेली. पन्नाच्या हिऱ्यांच्या खाणींचाही त्या काळी मोठा बोलबाला होता. पण या भूमीची दुसरी संपत्ती म्हणजे तिचे अरण्य. विंध्य पर्वताची पठारे येथे पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जातात, आणि त्यांना चिरीत केन नदी उत्तरेकडे वाहते. पठार जेथे एकाएकी तुटते, तेथे उभ्या कड्यांच्या खोल घळी तयार झाल्या आहेत. तिकडच्या बोलीत त्यांना 'सेहा' म्हणतात. वरचे माळरान वैशाखात भाजून निघत असता या सेह्यांच्या तळाशी गारवा आणि पाणी टिकून राहते. वाघाला आणखी काय हवे?

संस्थानी काळात हे रान पन्नाच्या राजघराण्याचे राखीव शिकारक्षेत्र होते. संस्थाने विलीन झाली; १९७० साली वाघाच्या शिकारीवर बंदी आली; १९८१ साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ५४३ चौरस किलोमीटर. पुढे १९९४ साली त्याला व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. कागदोपत्री पाहता वाघाच्या संरक्षणाची सारी सिद्धता झाली होती.

पुढची हकीकत कळण्यासाठी वाघाच्या संसाराची रीत थोडी समजून घेतली पाहिजे. शिकाऱ्यांच्या जुन्या पुस्तकांतून वाघ हा एकलकोंडा, भटक्या आणि लहरी प्राणी म्हणून रंगवलेला आढळतो. बंदुकीच्या नळीवरून जेवढा दिसतो, तेवढाच वाघ त्यांनी पाहिला होता. शास्त्रीय निरीक्षणाचा खरा आरंभ झाला तो कान्हाच्या अरण्यात. जॉर्ज शॅलर या अभ्यासकाने १९६३ ते १९६५ या काळात तेथे तळ ठोकून, बंदूक न उचलता, वाघांच्या चेहऱ्यावरील पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखून त्यांची दिनचर्या टिपली. वाघ एकटा राहतो हे खरे, पण तो असामाजिक नाही. आपल्या शेजाऱ्यांना तो ओळखतो, त्यांची भेटही घेतो, हे त्याच्या निरीक्षणातून पुढे आले. त्यानंतरच्या दशकात नेपाळच्या चितवन अरण्यात वाघांच्या गळ्यात रेडिओचे पट्टे बांधून वर्षानुवर्षे त्यांचा मागोवा घेण्यात आला, आणि वाघाच्या राज्यव्यवस्थेचा नकाशाच अभ्यासकांच्या हाती आला.

ती व्यवस्था अशी आहे. अरण्याची खरी मालकी वाघिणींची. प्रत्येक वाघीण आपल्यापुरता एक मुलूख राखते. त्यात पाणी हवे, दडण्याजोगी जागा हवी, आणि पिल्लांना वाढविण्याइतके सांबर-चितळ हवे. वाघाचा मुलूख याहून बराच मोठा. तो दोन, तीन, कधी त्याहूनही अधिक वाघिणींच्या मुलखांवर पसरलेला असतो. वाघीण मुलूख धरते ती अन्नपाण्यासाठी, वाघ मुलूख धरतो तो वाघिणींसाठी. पिल्ले दोनएक वर्षांची झाली की आईपासून वेगळी होतात. लेकी पुष्कळदा आईच्या शेजारीच जागा धरतात. प्रसंगी आई आपल्याच मुलखातला तुकडा लेकीला तोडून देते. मुलगे मात्र दूर जातात, आणि पराक्रमाने एखादा मुलूख जिंकीपर्यंत कडेकडेने भटकत राहतात.

या मुलखाला कुंपण नसते, पण हद्दीच्या खुणा असतात. वाघ झाडाच्या बुंध्यावर शेपटी उभारून गंधयुक्त फवारा मारतो, नखांनी साल ओरबाडतो, मागच्या पायांनी जमीन उकरून ठेवतो. त्या फवाऱ्याचा वास कसा असतो हे ऐकून आपल्या सुगृहिणींना नवल वाटेल. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी या गंधाचा दीर्घकाळ अभ्यास केला, आणि त्यात त्यांना तेच द्रव्य आढळले ज्याच्यामुळे बासमती तांदळाला सुवास येतो. आपल्या आंबेमोहोराचा घमघमाटही त्याच द्रव्याचा! रानवाटेने जाताना शिजत्या भाताचा वास आला आणि जवळपास वस्ती नसली, तर तो वाघाचा दस्तक समजावा.

हा गंध म्हणजे वाघांचे टपालच होय. कोण गेला, केव्हा गेला, नर की मादी, हे मागून येणाऱ्याला त्यावरून समजते. त्यामुळे समोरासमोरची मारामारी पुष्कळशी टळते. पण या टपालाला मुदत असते. काही आठवड्यांत गंध विरतो, म्हणून मालकाला पुनःपुन्हा फिरून सही करावी लागते. सही पडेनाशी झाली की शेजाऱ्यांना कळते, घर रिकामे झाले. मग ते सरकतात. एखादा नर मेला आणि त्याच्या जागी नवा आला, तर तो आधीच्याची लहान पिल्ले मारून टाकतो, म्हणजे वाघीण त्याच्यासाठी लवकर मोकळी होते. एक नर गेला की केवळ एक वाघ कमी होत नाही. त्याच्या छत्राखालची एक पिढी उघडी पडते. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी, कारण पन्नाच्या शोकांतिकेचे बीज तीत आहे.

आता मोजणीकडे वळू. १९७२ साली देशात पहिली अखिल भारतीय व्याघ्रगणना झाली आणि आकडा निघाला १,८२७. त्या आकड्याने देश हादरला, आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्रप्रकल्पाचा आरंभ झाला. पहिल्या नऊ अरण्यांत मध्य प्रदेशातील कान्हा होते आणि आपल्या विदर्भातील मेळघाटही होते. ही गणना होई ती पावलांच्या ठशांवरून. ओडिशाचे वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी ही पद्धत रूढ केली. वाघाच्या मागच्या पायाचा ठसा काचेवर गिरवावयाचा, कागदावर उतरवावयाचा, आणि ठशाठशांची तुलना करून वाघ किती ते ठरवावयाचे. कुशल मागकाढ्याच्या हाती ठसा पुष्कळ काही सांगतो, हे निर्विवाद आहे. पण एकच वाघ धुळीत एक ठसा उमटवतो, चिखलात दुसरा आणि वाळूत तिसरा. शिवाय वर्षानुवर्षे आकडा वाढताच राहिला पाहिजे, अशी कार्यालयाची अपेक्षा असली म्हणजे धुळीतला आणि चिखलातला वाघ वेगळा ठरावयास कितीसा वेळ लागणार? कर्नाटकातील नागरहोळे येथे उल्हास कारंथ यांनी १९९० नंतर स्वयंचलित कॅमेऱ्यांनी छायाचित्रे घेऊन, पट्ट्यांच्या नक्षीवरून वाघ ओळखण्याची पद्धत दाखवून दिली होती. दोन माणसांच्या बोटांचे ठसे जसे सारखे नसतात, तसे दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. पण रूढ पद्धत लवकर सुटत नाही. राजस्थानातील सरिस्काच्या अरण्यात कागदावर वाघ होते. २००५ च्या आरंभी उघडकीस आले, की प्रत्यक्षात एकही उरलेला नाही.

पन्नातही हेच घडत होते, आणि विशेष दुःखाची बाब ही, की तेथे ते सांगणारा माणूस हजर होता. रघु चुंडावत या शास्त्रज्ञाने १९९६ पासून पन्नातील वाघांना रेडिओचे पट्टे बांधून त्यांचा अभ्यास चालविला होता. आरंभीच्या वर्षांत संरक्षण चोख होते आणि वाघांची संख्या वाढताना त्यांनी पाहिली. पण त्याच अभ्यासातून एक अडचणीचे सत्य बाहेर आले. हे शुष्क अरण्य. येथे भक्ष्य विरळ, म्हणून वाघांचे मुलूख मोठे. राष्ट्रीय उद्यानाची सीमा सरकारी मोजणीदाराने आखलेली, तर वाघिणीची सीमा वाघिणीने आखलेली, आणि या दोहोंचा मेळ नव्हता. वाघ सीमेबाहेर जात, आणि बाहेर फासे होते, विजेच्या तारा होत्या, मारलेल्या गुरावर घातलेले विष होते. २००२ नंतर ओळखीच्या वाघिणी एकेक करून दिसेनाशा होऊ लागल्या. चुंडावतांनी ते सांगितले, लिहिले. त्यांचे म्हणणे मान्य झाले नाही. उलट त्यांच्या संशोधनाचीच वाट अडवली गेली.

येथे कोणी विचारील, की वाघिणी नाहीशा होत होत्या, तर पाहावयास जाणाऱ्या लोकांना ते कळले कसे नाही? याचे उत्तर वाघांच्या त्या मुलखाच्या रीतीतच आहे. घर रिकामे झाले की शेजारी सरकतो, हे आपण आताच पाहिले. पाणवठ्यावर काल जी वाघीण दिसत होती ती मेली, तरी आज तेथे दुसरी दिसू लागते. पाहणारा म्हणतो, वाघ आहे. मोजणारा म्हणतो, ठसा आहे. पण मागे पिल्ले वाढत नाहीत, कडेची घरे ओस पडत जातात, आणि अरण्य बाहेरून आत पोखरले जाते. चांगले पाणी, चांगली सावली असलेली जागा शेवटपर्यंत रिकामी राहात नाही. आणि प्रवाशांच्या गाड्या नेमक्या तेथेच उभ्या असतात. वाघ दिसत राहिला, आणि नांदेनासा झाला.

२००९ च्या मार्चमध्ये दोन वाघिणी पन्नात आणण्यात आल्या. एक बांधवगडची, दुसरी कान्हाची. दुसरी तर वायुदलाच्या हेलिकॉप्टरमधून आली. पन्नात उरलेल्या नराला जोड मिळावी, हा हेतू. पण त्या आल्या तेव्हा तो नर कोठेच नव्हता. जानेवारीनंतर त्याचा माग लागला नाही. उन्हाळ्यात केंद्र सरकारने पाठविलेल्या पथकाने तपास केला आणि शेवटी मान्य करावे लागले, की पन्नाच्या स्वतःच्या वाघांपैकी एकही आता शिल्लक नाही. ज्या घरात सून आणली, त्या घरात माणूसच उरला नव्हता.

तेव्हा नर आणणे भाग पडले. नोव्हेंबर २००९ मध्ये पेंचच्या अरण्यातून एक तरुण वाघ आणून सोडण्यात आला. बांधवगडच्या वाघिणीला 'टी-१', कान्हाच्या वाघिणीला 'टी-२' अशी नावे पडली होती. याचे नाव 'टी-३'. क्षेत्रसंचालक श्रीनिवास मूर्ती आणि त्यांचे सहकारी आशेने वाट पाहात होते. पण या पाहुण्याला हे रान परके होते. त्यात त्याची कोणतीही खूण नव्हती, आणि वाघिणींची गाठही पडली नव्हती. नोव्हेंबरच्या अखेरीस तो पन्ना सोडून निघाला आणि दक्षिणेकडे चालू लागला. ज्या दिशेला पेंच होते, त्याच दिशेला!

पुढचा महिनाभर जे घडले, ते आपल्या वनखात्याच्या इतिहासातील एक विलक्षण प्रकरण आहे. वाघ पुढे आणि माणसे मागे. सत्तरच्या आसपास कर्मचारी, चार हत्ती आणि हातात रेडिओची अँटेना. वाघ रात्री शेतांतून, गावांच्या कडेने, नद्यानाले ओलांडून चाले, दिवसा झुडपांत दडून राही. छतरपूर, सागर, दमोह असे जिल्हे त्याने तुडवले. याच सागरच्या मुलखात पेशव्यांच्या वतीने गोविंदपंत बुंदेल्यांनी कारभार केला होता. त्यांच्या घोडदळाच्या वाटा कोणत्या होत्या कोण जाणे, पण वाघाने आपली वाट स्वतः शोधली. चारशेहून अधिक किलोमीटरांच्या या वाटचालीत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. अखेर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दमोह जिल्ह्यात त्याला भुलीचे औषध देऊन पकडण्यात आले आणि पुन्हा पन्नात आणण्यात आले.

पुन्हा सोडले तर पुन्हा जाणार, हे उघड होते. तेव्हा या मंडळींनी वाघाच्याच लिपीचा आश्रय घेतला. बंदिवासातील वाघिणीचे मूत्र आणून त्यांनी रानातील झाडांवर शिंपडले. अशा रीतीने की त्या गंधाचा पाठपुरावा करीत वाघ वाघिणीच्या मुलखाकडे वळावा. मनुष्याने वाघाच्या टपालात घातलेले हे पत्र! ते पत्र पोचले. 'टी-३' आणि 'टी-१' यांची गाठ पडली, आणि १६ एप्रिल २०१० रोजी पन्नात पिल्ले जन्मली. त्याच वर्षी पुढे 'टी-२'लाही पिल्ले झाली. वाघाने मुलूख धरला. तो आता पेंचचा राहिला नव्हता; पन्नाचा झाला होता.

या अरण्यातील वाघांना दिलेले क्रमांक पाहिले की आपल्याकडील कुलवृत्तान्तांची आठवण होते. बाहेरून आणलेल्यांना 'टी', आणि पन्नात जन्मलेल्यांना 'पी'. 'पी-१११' म्हणजे पहिल्या वाघिणीच्या पहिल्या वेतातील पहिले अपत्य; 'पी-२४३' म्हणजे दुसऱ्या वाघिणीच्या चौथ्या वेतातील तिसरे. नुसत्या आकड्यावरून आई कळते, वेत कळते, पिढी कळते. पूर्वी पन्नात वाघ मोजले जात. आता ते ओळखले जाऊ लागले. मला वाटते, साऱ्या यशाचे मर्म या एका फरकात आहे.

२०११ साली कान्हाहून आणखी दोन वाघिणी आल्या. त्या पिल्लू असतानाच पोरक्या झाल्या होत्या आणि बंदिस्त आवारात माणसांच्या देखरेखीखाली वाढल्या होत्या. अशा वाघिणी रानात जगतील काय, याविषयी पुष्कळ शंका होत्या. पण त्यांतल्या पहिलीने शिकार साधली, मुलूख धरला आणि लवकरच ती आई झाली.

'पी-२४३'ची गोष्ट तर मुलखाच्या नियमाला नवा अर्थ देणारी आहे. मे २०२१ मध्ये त्याच्या मुलखातील एक वाघीण मेली. तिची चार पिल्ले जेमतेम सातआठ महिन्यांची होती. शिकारीचे शिक्षण पुरे झालेले नव्हते. वनाधिकाऱ्यांपुढे पेच पडला : पिल्ले उचलून पिंजऱ्यात न्यावीत, की रानातच राहू द्यावीत? त्यांनी नराच्या हालचालींवर लक्ष ठेवले. तो पिल्लांच्या आसपास फिरत राहिला, त्याने मारलेल्या शिकारीवर पिल्लांना येऊ दिले, त्यांना इजा केली नाही. पिल्ले रानातच राहू दिली गेली. परक्याची पिल्ले मारणारा वाघ स्वतःच्या पिल्लांचा पाठीराखाही असतो. फरक असतो तो मुलूख स्थिर आहे की उधळलेला आहे, याचा. ज्याला आपण क्रौर्य म्हणतो आणि ज्याला आपण वात्सल्य म्हणतो, ती दोन्ही एकाच मुळातून उगवतात.

आज पन्नात पन्नासाहून अधिक वाघ आहेत. शून्यातून पन्नास, आणि तेही पंधरा वर्षांच्या आत! पण जेथे घर भरते, तेथे मुलांना बाहेर पडावे लागते. पन्नाचे तरुण वाघ आता सीमा ओलांडून सतना-चित्रकूटकडच्या रानांत जातात. चित्रकूटकडे उत्तर प्रदेश सरकारने २०२२ साली राणीपूर व्याघ्रप्रकल्प जाहीर केला. ग्वाल्हेरकर श्रोत्यांना आणखी एक गोष्ट जिव्हाळ्याची वाटेल. शिंदे संस्थानाची उन्हाळी राजधानी जी शिवपुरी, तेथील माधव राष्ट्रीय उद्यान एके काळी राजेरजवाड्यांच्या आणि साहेबलोकांच्या व्याघ्रशिकारीसाठी प्रसिद्ध होते, आणि पुढे दीर्घकाळ तेथे रानवाघ उरला नाही. २०२३ पासून तेथे पुन्हा वाघ सोडण्यात आले. त्यांत पन्नाची एक लेकही होती. २०२५ साली ते अरण्य व्याघ्रप्रकल्प झाले. ज्या पन्नाने दारोदार हात पसरून वाघ मागून आणले, ते पन्ना आता देते झाले.

येथेच ही कथा संपवता आली असती तर बरे झाले असते. परंतु इतिहास सांगणाऱ्याला शेवट निवडण्याचा अधिकार नसतो. केन नदीचे पाणी बेतवेकडे वळविण्याच्या योजनेची कोनशिला २५ डिसेंबर २०२४ रोजी बसविण्यात आली. दौधन येथे सत्त्याहत्तर मीटर उंचीचे धरण होणार आहे, आणि त्याची जागा पन्नाच्या अरण्यातच आहे. सुमारे ९,००० हेक्टर भूमी पाण्याखाली जाईल. तीत व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यातील मोठा भाग आहे. बुंदेलखंडाची तहान खोटी नाही. दुष्काळाच्या वर्षी तिकडची गावेच्या गावे पोटासाठी बाहेर पडताना ज्याने पाहिली असतील, तो पाण्याच्या योजनेला सहजासहजी नाही म्हणणार नाही. धरणात गावेही बुडणार आहेत, आणि त्या गावांतील लोकांचे दुःख वाघाच्या दुःखाहून कमी नाही. शासनाने भरपाईसाठी दक्षिणेकडील रानांचे संरक्षण वाढविण्याचे ठरविले आहे. सागर, दमोह आणि नरसिंहपूर या जिल्ह्यांत २०२३ साली वीरांगना दुर्गावती व्याघ्रप्रकल्प निर्माण झाला. योगायोग असा, की 'टी-३' ज्या दिशेने चालत गेला होता, त्याच दिशेचे हे रान आहे.

पण श्रोतेहो, भरपाईचे गणित हेक्टरांत मांडले जाते, आणि वाघिणीचा मुलूख हेक्टरांत मोजता येत नाही. नदीकाठची सपाटी आणि सेह्यांच्या तळचा गारवा ज्या मायलेकींनी पिढ्यान्‌पिढ्या वाटून घेतला, त्यांना 'तुमच्यासाठी शंभर किलोमीटरांवर दुसरी जागा ठेवली आहे' हे कोणत्या लिपीत सांगणार? पाणी चढू लागले की नदीकाठच्या वाघिणी वर सरकतील. वर आधीच दुसऱ्यांची घरे आहेत. मग हद्दी उधळतील, नर बदलतील, पिल्ले मरतील. त्या गडबडीत वाघ कदाचित पूर्वीपेक्षा अधिक दिसू लागतील, कारण बेघर झालेला वाघ उघड्यावर येतो. आणि कोणी प्रवासी आनंदाने घरी जाऊन सांगेल, की पन्नात आता वाघ फार चांगले दिसतात!

म्हणून या अरण्याने आपली एकदा फसगत केली आहे, हे विसरता कामा नये. वस्तुतः अरण्याने केली नाही. आपणच आपली करून घेतली. धरण व्हावे की न व्हावे, याचा निवाडा होऊन गेला आहे. पण पाणी चढेल त्या प्रत्येक वर्षी कोणती वाघीण कोठे गेली, कोणाच्या शेजारी बसली, तिची पिल्ले जगली की मेली, हे नावनिशीवार सांगणारा माणूस तेथे असला पाहिजे. आणि त्याने अप्रिय गोष्ट सांगितली, तर त्याचे म्हणणे या वेळी ऐकून घेतले गेले पाहिजे. पहिल्या वेळी असा माणूस होता. आपण ऐकले नाही, आणि त्याची किंमत म्हणजे त्या अरण्याचे शेवटचे पान होते.

आपणांपैकी पुष्कळांचे पन्नाला, खजुराहोला जाणे होईल. केनच्या काठी पहाटेच्या धुक्यात वाघ दिसला, तर ते भाग्यच समजावे. नाही दिसला, तर वाटाड्याला एवढेच विचारावे, की येथे कोणती वाघीण राहते, ती कोणाची लेक, आणि यंदा तिला पिल्ले किती? त्याने झटकन उत्तर दिले, तर निश्चिंत मनाने घरी परतावे. आणि उंबरठ्यावर कोणी विचारले, "वाघ दिसला का?" तर सांगावे, "मला दिसला नाही. पण तो तेथे नांदतो आहे."